बिनपायरीचं दार

वर्नेट पोल्कने सत्तावीस वर्षं ओकलंडच्या रस्त्यांवर सिटी बस चालवली. थांब्यावर उभ्या माणसाला टाकून आपण कधी पुढे गेलो नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. ते खरं नव्हतं. दोनदा गेली होती. एकदा एका झिंगलेल्या माणसाने काचेवर बाटली फेकली म्हणून, आणि एकदा बाबागाडीवाली बाई आरशात दिसलीच नाही म्हणून. बाटलीवाल्याचं तिला काही वाटत नसे. ती बाई मात्र निवृत्तीनंतरही मधूनच डोळ्यांपुढे यायची, हात वर केलेली.

निवृत्त झाली तेव्हा गुडघे कामातून गेले होते आणि त्याच वर्षी बहीण गेली. ओडेसा. दोघी एकाच स्वयंपाकघरात चाळीस वर्षं भांडत जगल्या. ओडेसाला मूठमाती दिल्यावर आठ महिने वर्नेटच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ती नुसती चिडत राहिली. पोस्टमनवर, टीव्हीवर, शेजाऱ्याच्या कोंबड्यांवर. शेवटी डेपोतल्या जुन्या मेकॅनिकच्या बायकोने तिला आपल्या घरी नेलं, सोफ्यावर आडवी केली, अंगावर रजई घातली आणि डोळ्यांपुढे भास उभे करणाऱ्या अळंबीचा चहा दिला. या अळंबीच्या मागे पोलिसांनी लागू नये असा ठराव शहराने तोवर केला होता. आधी लोक दबक्या आवाजात बोलायचे, आता अंगणात बोलू लागले होते, एवढाच फरक. त्या दुपारी वर्नेट पाच तास रडली. मेकॅनिकची बायको उशाशी लोकर विणत बसून होती. रडून उठल्यावर वर्नेट दोन ताटं जेवली.

रडणं झालं. पण जे दिसलं ते सांगायचं कुणाला? चर्चमध्ये सांगावं तर बायका गोल करून सैतान काढायला बसल्या असत्या. डॉक्टरला सांगावं तर त्याने कागदावर काहीतरी लिहिलं असतं, आणि वर्नेटचा कागदावर कधीच विश्वास नव्हता. मग तिला कळलं की अशा लोकांच्या सांगण्याच्या बैठका असतात. तिथे कुणी काही घेत नाही. पूर्वी घेतलं तेव्हा काय दिसलं, ते गोल बसून एकमेकांना सांगायचं.

पहिली बैठक मिळाली ती टेकडीवर, झाडांत लपलेल्या एका देखण्या घरात. फाटकापासून दारापर्यंत एक्केचाळीस पायऱ्या. तिने मोजल्या, कारण प्रत्येक पायरीला तिचा डावा गुडघा एक शिवी देत होता. आत खुर्ची नाही, सगळे जमिनीवर गाद्यांवर. खोलीत काळी बाई ती एकटीच. वाईट कुणीच वागलं नाही, आणि हेच तिला जास्त झोंबलं. सगळे गोड हसत होते, सगळ्यांना ती आल्याचा आनंद झाला होता. उठताना दोघांनी बखोटीला धरून उठवलं. बाहेर आली तर रविवारची शेवटची बस गेलेली. जिने अर्धं आयुष्य लोकांना घरी पोचवलं, ती दोन मैल उतार पायी उतरून घरी गेली. उतरताना तिचं डोकं असं तापलं होतं की पायांचं दुखणं घरी पोचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने कागद घेतला. वर लिहिलं, 'सांगण्याच्या बैठका : कुठे, कधी, आणि तुम्हाला खरंच आत जाता येईल का.' खाली रकाने पाडले. कुठली बस, परतीची बस किती वाजेपर्यंत. पायऱ्या किती. दार किती रुंद. पाठ टेकायला खुर्ची आहे की नुसत्या गाद्या. धूप-धूर असतो का, दम्याच्या माणसाने यावं का. कुठल्या भाषेत बोलतात. दारू-नशा सोडलेल्या माणसाला चालेल का. पैसे नसले तर काय. संडास कुठे. हा कागद तिने फ्रूटव्हेल भागात, नाणी टाकून आपले कपडे आपणच धुवायच्या एका लाँड्रीत, साबणाच्या यंत्राच्या वर चिकटवला. तिथे माणसाला अर्धा तास करण्यासारखं काही नसतं आणि मग माणूस वाचतो.

वाचणाऱ्यांत एक लिगाया सारमिएंटो होती. चौतिशीची फिलिपिनो बाई, एका मोठ्या कंपनीत संगणकाचं काम करायची, कंपनीने एका सकाळी काढून टाकलेली. तिने चादरी वाळेपर्यंत कागद दोनदा वाचला आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'ऐकू न येणाऱ्यांचं काय?' पुढच्या आठवड्यात वर्नेटने ते पाहिलं, तिला राग आला, मग लाज वाटली, आणि तिने त्याखाली आपला फोन नंबर लिहिला. तिथून त्या कागदाची वेबसाइट झाली. लिगायाने नावं सुचवली, त्यात तारे होते, मुळं होती, आकाशगंगा होती. वर्नेट म्हणाली, बाई, लोकांना आकाशात नाही जायचंय, आत जायचंय. नाव ठेवलं 'थांबा'. आणि एकच नियम : जिथे वर्नेट स्वतः जाऊन आली नाही ती जागा यादीत नाही. जाऊन आली की नोंदीपुढे छोटी निळी बस.

बैठका भरवणाऱ्यांना हे आवडलं असं नाही. आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे, असं ते लिहून पाठवायचे, आणि वर्नेट मोजपट्टी घेऊन दारात हजर व्हायची. स्वागत तुमच्या भिंतीवर लिहिलंय, पायरीवर कुठे दिसत नाही, असं ती एकाला तोंडावर म्हणाली. त्याने तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. तिने त्याला लाकूड घेऊन उतार बांधायला सांगितलं. दोन महिन्यांनी त्याने बांधला, वाकडा बांधला, तरी तिने त्याला निळी बस दिली आणि 'उतार वाकडा, पण मजबूत' असंही लिहिलं. दीड वर्षात शहरातली, खाडीपलीकडची मिळून नव्वद ठिकाणं यादीत आली. लोक म्हणू लागले, वर्नेटची बस असेल तर निर्धास्त जा. हे ऐकलं की तिची मान अर्धा इंच वर जायची.

क्लोव्हिस थिबोडो हा तिचा जुना प्रवासी. एकाहत्तर वर्षांचा, लुइझियानातून आलेल्या घरातला, आयुष्यभर गोदीत कंटेनर बांधणारा. एक लोखंडी दांडा वरून निसटला आणि त्या दिवसापासून तो चाकांच्या खुर्चीत. त्याची बायको अर्लिन त्याला घेऊन वर्नेटच्या बसने दवाखान्यात जायची. खुर्ची चढावी म्हणून बस फुसकन खाली बसायची, वर्नेट उठून खुर्चीचे चार पट्टे आवळायची आणि तेवढ्यात क्लोव्हिस म्हणायचा, "हळू, ड्रायव्हर, मी सामान नाही." रोज हेच, आणि अर्लिन रोज हसायची. मग अर्लिन गेली. क्लोव्हिस वर्नेटला बाजारात भेटला तेव्हा त्याची दाढी वाढली होती आणि थट्टा संपली होती.

त्याने यादीबद्दल ऐकलं होतं. भाजीच्या गाळ्यापाशी खुर्ची वळवून त्याने हळूच सांगितलं की दोन वर्षांपूर्वी, भाची जवळ बसलेली असताना, त्यानेही एकदा घेतलं होतं. काहीतरी दिसलं होतं. अजून कुणाला सांगितलं नव्हतं. भाचीला सांगितलं असतं तर पोर रडली असती. चर्चमधल्यांना सांगायची सोयच नव्हती.

"एकदाच सांगणार," तो म्हणाला. "नीट बसून, नीट माणसांत. सांगून झालं की माझं काम झालं. नाही जमलं तर घेऊन जाईन बरोबर. तुझ्या त्या यादीत माझ्यासारख्याला आत घेणारी जागा आहे का बघ."

वर्नेटला लगेच आठवली ती लार्कची जागा. लार्क हे त्या बाईने स्वतःच घेतलेलं नाव. साठीची, पांढऱ्या वेणीची, बोलताना समोरच्याचा हात हातात घेणारी. टेलिग्राफ रस्त्याच्या मागे, पूर्वी फरश्यांचं दुकान होतं त्या हॉलमध्ये ती महिन्यातून एका रविवारी दुःखाची बैठक घ्यायची. ज्यांचं कुणी गेलंय त्यांच्यासाठी. वर्नेट एका मंगळवारी सकाळी तिथे जाऊन आली होती. पुढचं दार छत्तीस इंच, समोर पक्का उतार, पाठीच्या खुर्च्या, संडासात धरायला दांडा. लार्कने वीस प्रश्नांची वीस उत्तरं न कंटाळता दिली, वर पुदिन्याचा चहा पाजला. दोष काढायला गेलेल्या वर्नेटला एकही दोष सापडला नाही. तिने लिहिलं, 'पायरी : एकही नाही.' पुढे निळी बस.

क्लोव्हिसने अपंगांची गाडी आठवडाभर आधी सांगून ठेवली. ही गाडी दीड वाजता घेऊन जाणार आणि सव्वाचारला परत न्यायला येणार. मधे काही बदल नाही. त्याने दाढी केली. अर्लिनने घेतलेला राखाडी कोट घातला. हे वर्नेटला नंतर कळलं.

रविवारी वर्नेट एकला पोचली. हॉलच्या कोपऱ्यावरच लार्कची एक मैत्रीण उभी होती. तिने वर्नेटचा हात धरला आणि म्हणाली, आज बागेतून. बाजूच्या बोळातून त्या मागे गेल्या. खडीची वाट, मग तीन दगडी पायऱ्या, मग एक छोटं फाटक. फाटकात लार्क उभी, एका हातात देवदाराची धुमसती जुडी, दुसऱ्या हातात तो धूर वारायला पक्ष्याचा पंख. ही त्यांची रीत. बैठकीच्या दिवशी सगळ्यांनी मागून, एकेकाने, धुरातून आत यायचं. फोन टोपलीत. बैठक म्हणजे त्यांच्या भाषेत पात्र; घंटा वाजली की पात्र बंद, मग कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. लार्कने मंगळवारी हे सांगितलं नव्हतं, कारण तिच्या मनात ते दार नव्हतंच. दार विचारलं, तिने दार दाखवलं. फाटक म्हणजे तिची पूजा.

आणि वर्नेट? तिचे गुडघे त्या तीन पायऱ्यांवर कुरकुरले होते. गुडघ्यांनी सांगितलं होतं. पण त्याच क्षणी लार्कने तिच्या खांद्यांवरून धूर फिरवला, हळूच म्हणाली, जे गेलंय त्याला सोबत घेऊन आत ये, आणि वर्नेटच्या छातीत एकदम ओडेसा भरून आली. नव्वद ठिकाणच्या पायऱ्या मोजलेली बाई, डोळे मिटून तीन पायऱ्या चढली आणि मोजायची विसरली. फोन टोपलीत टाकला.

आत तिने एक खुर्ची उचलून भिंतीला लावली, म्हणजे गोलात क्लोव्हिसच्या चाकांना जागा होईल. दोनला घंटा वाजली. जागा रिकामीच. घाबरला म्हातारा, तिच्या मनात आलं. थोडा रागही आला. एवढं सगळं बघून दिलं आणि ऐन वेळी शेपूट घातलं.

दोन-दहाला पुढच्या दारावर थाप पडली. तीनदा. सगळ्यांनी ऐकली. लार्क डोळे मिटून हसली आणि म्हणाली, "जग थाप मारतच असतं. आज त्याला थोडं थांबू दे."

वर्नेटला ते वाक्य फार आवडलं. नंतर किती दिवस या आवडण्यानेच तिला जास्त छळलं.

तिची पाळी आली तेव्हा ती ओडेसाबद्दल बोलली, चांगला अर्धा तास बोलली. शेवटी सगळ्यांनी गाणं म्हटलं. अशा बैठका कधी वेळेवर संपत नाहीत, साडेचार झाले. टोपलीतून फोन काढला तर सात कॉल आणि तीन निरोप.

पहिला : ड्रायव्हर, मी पुढच्या दाराशी आहे. दार बंद आहे.

दुसरा : तू लिहिलंयस की पायरी नाही. खरंय. पायरी नाही.

तिसरा, चार-दहाचा : छान गाता तुम्ही लोक. बाहेर ऐकू येतं. गाडी आली माझी.

फुटपाथवर वर्नेटने लार्कला जे ऐकवलं ते अर्ध्या गल्लीने ऐकलं. लार्क पांढरीफटक पडली. तिला खरंच कळत नव्हतं. मला कुणी सांगितलं असतं तर मी स्वतः दार उघडलं असतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"सांगितलं त्याने," वर्नेट म्हणाली. "तीनदा सांगितलं. दारावर."

लार्कने तिचा हात धरायला हात पुढे केला. वर्नेटने आपला मागे घेतला आणि बसथांब्याकडे चालू लागली. कोपरा वळल्यावर मात्र तिला चालवेना. लार्कला शिव्या घालणं सोपं होतं. पण आत ती होती. थाप तिनेही ऐकली होती. तिसरं माणूस तिने थांब्यावर टाकलं होतं, आणि या वेळी आरशात दिसत होतं.

संध्याकाळी ती लिगायाच्या घरी गेली आणि म्हणाली, साइट बंद कर, सगळी. लिगाया भात परतत होती. तिने गॅस बारीक केला. वर्नेटने वाटेतून फोन करून तिला सगळं सांगितलं होतं, क्लोव्हिस फोन उचलत नाही हेही. तिनेही लावून पाहिला होता.

"एका थांब्यावर चूक झाली म्हणून बस डेपोत लावायची का, मिस वर्नेट?"

"चूक थांब्याची नाही गं. ड्रायव्हरची आहे."

"मग तसं लिहा."

 वर्नेटचा गर्व ओळखणारं कुणी तिथे असतं तर आता भडका उडणार म्हणून त्याने खुर्ची मागे ओढली असती. पण तिने सांगितलं आणि लिगायाने टाइप केलं : 'या नोंदीत चूक आहे. दाराला पायरी नाही, पण बैठकीच्या दिवशी ते दार बंद असतं, लोकांना मागून तीन पायऱ्या चढाव्या लागतात आणि दोनच्या घंटेनंतर कुणाला आत घेत नाहीत. त्यामुळे एक माणूस दोन तास बाहेर राहिला. मी आत होते. वर्नेट पोल्क.' निळी बस काढली. लिगायाने सगळ्या नोंदींना एक नवा रकाना जोडला, 'त्या दिवशी लोक कुठून आत जातात', आणि नव्वदच्या नव्वद ठिकाणी तो रकाना कोरा ठेवला. आता सगळीकडे पुन्हा जायचं होतं, आणि बैठकीच्याच दिवशी.

सोमवारी दुपारी वर्नेट क्लोव्हिसच्या घरी गेली. सेमिनरी भागात, गोदीतल्या सोबत्यांनी बांधून दिलेला लाकडी उतार असलेलं छोटं पिवळं घर. बाहेरपर्यंत राजम्याचा वास येत होता. लुइझियानावाल्यांच्या घरी सोमवारी राजमा आणि भात, मग कोण मेलं काय आणि जगलं काय. तिने दार वाजवलं. खिडकीचा पडदा हलला.

"दोन वाजून गेले, मिस वर्नेट," आतून आवाज आला. "दोननंतर आम्ही आत घेत नाही."

तो तिला मिस वर्नेट म्हणाला, ड्रायव्हर नाही. ती समजली. माफ कर वगैरे खिडकीतून ओरडण्यात अर्थ नव्हता. ती उतारावर, फळ्यांवर बसली. आत रेडिओवर बेसबॉलचा सामना लागला. समोरची बाई कचरा टाकायला आली, आणि काही लागलं का म्हणून विचारून गेली. ऊन उतारावरून सरकत तिच्या बुटांवर आलं, बुटांवरून मांडीवर आलं. तिने फोन काढला नाही. त्याने काल काय पाहिलं असेल ते ती बघत होती : बंद दाराचा रंग, दाराच्या खालच्या कडेला निघालेले पापुद्रे, कडीला लागलेला हातांचा मळ. बसलेल्या माणसाला दाराचा खालचाच भाग दिसतो. तिने आजवर मोजली होती ती सगळी दारं उभ्याने मोजली होती.

सामन्याचा सातवा डाव संपला तेव्हा दार उघडलं.

"गुडघे आखडले असतील."

"आखडलेत."

"उठता येतंय?"

"नाही."

"मला काही उठवता येणार नाही तुला." तो तिच्याकडे बघत राहिला. "मग काय, इथेच राहतेस का आता?"

आधी तिला हसू फुटलं, मग त्याला. त्याने खुर्चीचे ब्रेक लावले, पुढे झुकला, आणि ती त्याच्या खुर्चीचा हात धरून, कण्हत, शिव्या देत उठली.

जेवताना तिने माफी मागितली. त्याने मान हलवली आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला. बंद दाराचं त्याला तसं काही नव्हतं, तो म्हणाला. दारं त्याने पुष्कळ पाहिली होती.

"मी पाठ करून आलो होतो गं. गाडीत सगळा रस्ता मनात म्हणत आलो, कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं. आणि परत जाताना तेच पुन्हा म्हणत गेलो, कारण डोक्यातून जाईना. घरी येईपर्यंत ते तोंडात शिळं झालं."

"मला सांग. आत्ता."

"तुला नाही. तोंड बघ आरशात. तू आधीच अपराधी होऊन बसलीयस. मी सांगितलं तर तू रडशील आणि डोळे पुसायला मीच."

 तिने भांडी घासली. त्याने पुसली. शेवटचं पातेलं पुसताना तो म्हणाला की त्याचं गॅरेज रिकामं आहे. मोटार विकली तेव्हापासून तिथे फक्त मासे पकडायचे जुने गळ आणि अर्लिनचं शिवणाचं मशीन. वर्नेटचा हात आपोआप पिशवीतल्या मोजपट्टीकडे गेला.

"ठेव ती आत," क्लोव्हिस म्हणाला. "माझं दार मला माहीत आहे. तू फक्त लिही."

त्याने सांगितलं तसं तिने लिहिलं. 'क्लोव्हिसचं गॅरेज. शनिवार, दुपारी दोन, किंवा जमेल तेव्हा. पायरी नाही. दार एकच, रस्त्यावर उघडणारं, सगळा वेळ उघडं. फोन चालू ठेवा, ही गल्ली सापडत नाही. धूर नाही, शेजारी कोंबडी भाजत नसतील तर. दुःख कुठलंही चालेल. कॉफी आहे. घंटा नाही.'

शेवटचे दोन शब्द वर्नेटला फार आवडले. ते साइटवर आल्यावर दुसऱ्याच दिवशी लार्कचा फोन आला. तिने हॉलचं पुढचं दार आता बैठकीत उघडं ठेवायचं ठरवलं होतं, तीन जण त्यावर रुसून गेलेही होते. हे तिने घाईघाईत सांगितलं आणि मग विचारलं, मी शनिवारी आले तर चालेल का. वर्नेटच्या जिभेवर नाही आलं होतं. पण गॅरेज तिचं नव्हतं. तिने क्लोव्हिसला विचारलं.

"खुर्च्या आहेत का तिच्याकडे?" तो म्हणाला. "मग येऊ दे. माझ्याकडे चारच आहेत."

शनिवारी लार्क घडीच्या आठ खुर्च्या घेऊन आली. धूर नाही, पंख नाही. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती खुर्च्या पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. लिगाया आली, सोबत मोठा डबा भरून सारणाच्या तळलेल्या गुंडाळ्या. यादी वाचून दोन अनोळखी माणसं आली : एक बेकरीत काम करणारी मेक्सिकन बाई, आणि एक दाढीवाला शिक्षक, ज्याचा भाऊ गेला होता. गॅरेजचं दार वर सरकवलेलं. रस्त्यावरून मुलं सायकली घेऊन जात होती. आइस्क्रीमची गाडी तेच ते गाणं वाजवत दोनदा गेली.

क्लोव्हिसने राखाडी कोट घातला नव्हता. साधा शर्ट. कॉफी सगळ्यांना पोचली का ते त्याने पाहिलं, घसा खाकरला, आणि सुरू केलं. लुइझियानातलं अर्लिनच्या आईचं घर. मागची पडवी. दुपार. त्याचा आवाज पाठ केल्यासारखा सपाट येत होता, आणि ते त्यालाही कळत होतं. वर्नेट जमिनीकडे बघत होती, रडायचं नाही हे ठरवून. पडवीत कोण बसलंय ते सांगायला तो येतच होता, तेवढ्यात गॅरेजच्या तोंडाशी एक म्हातारी उभी राहिली. हातात पर्स, डोक्यावर टोपी, दमलेली. तिने बस चुकीच्या बाजूची घेतली होती. सगळे बोलताना थांबलेले बघून ती कानकोंडी झाली आणि मागे सरू लागली.

लार्क अर्धी उठली आणि तशीच अवघडून राहिली. काय करायचं ते तिने क्लोव्हिसकडे बघून विचारलं.

"या, बाई, बसा," क्लोव्हिस म्हणाला. "ड्रायव्हर, त्यांना कॉफी दे. मी पहिल्यापासून सांगतो."

आणि त्याने पहिल्यापासून सांगितलं. या वेळी पाठ केलेलं नव्हतं. या वेळी पडवीची जाळी फाटकी होती, त्याला ते आत्ताच आठवलं. खाली वर्तमानपत्र होतं, त्यावर कोळंबीचा ढीग. अर्लिन पाठमोरी, पिवळा रुमाल बांधलेला, कोळंबी सोलत बसलेली. तो तिच्याकडे गेला.

"चालत गेलो की चाकांवर, ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं आठवतोय, आठवत नाही. तिने बघितलंच नाही. तिला त्याचं काही नव्हतं. मान पण वर केली नाही. नुसती म्हणाली, हात धुऊन ये, क्लोव्हिस, बरंच सोलायचंय."

त्याने कॉफीचा कप खाली ठेवला.

"एवढंच," तो म्हणाला. "मेलेली बायको भेटते आणि कामाला लावते."

टोपीवाली म्हातारी फिसकन हसली. हसल्याबद्दल तिने तोंडावर हात घेतला, पण तोवर क्लोव्हिसही हसायला लागला होता, खांदे हलवत, मोठ्याने, आणि हसता हसताच त्याचा चेहरा मोडला. तो रडला तेव्हा त्याने तोंड लपवलं नाही. वर्नेटने जमिनीवरची नजर वर केली आणि त्याच्यावरून काढली नाही.

लार्क त्याच्या शेजारी होती. तिचा हात सवयीने पुढे गेला, मधेच थांबला.

"धरू का?" तिने विचारलं.

क्लोव्हिसने ओल्या डोळ्यांनी त्या हाताकडे पाहिलं. "धुतलेस का?"

"नाही," लार्क म्हणाली.

"नळ त्या बाजूला आहे," तो म्हणाला, पण हात त्याने आधीच पुढे केला होता.

दाढीवाल्याने मग आपल्या भावाचं सांगायला सुरुवात केली, अडखळत. बेकरीवाली बाई लिगायाच्या डब्यातली गुंडाळी खात ऐकत होती. वर्नेट उठली आणि किटलीतली कॉफी संपली होती ती करायला आत गेली.